‘शॅल’ : एका क्रियापदाचे बंधन

बोलण्याच्या इंग्रजीतून ‘शॅल’ हे क्रियापद आता जवळजवळ गेले आहे. ‘निघायचे का?’ किंवा ‘खिडकी उघडू का?’ अशा अर्थाच्या विनयशील प्रश्नांपुरते ते उरले आहे. कायद्यात, करारात, निविदेत आणि नियमावलीत मात्र ते आजही पानोपानी भेटते. भारताच्या संविधानाचे पहिले कलम त्याच्याच आधाराने उभे आहे, आणि खुनाची शिक्षा सांगणारे कलमही. ज्याच्या हाती न्यायालयाचे समन्स येते, जो घराच्या करारावर सही करतो किंवा सरकारी कंत्राटाचा अर्ज भरतो, त्याचा या शब्दाशी संबंध येतोच. त्याच्याविषयी एक ढोबळ समजूत सर्वत्र रूढ आहे : ‘शॅल’ असेल तिथे सक्ती, ‘मे’ असेल तिथे मुभा. विधी महाविद्यालयातला विद्यार्थी पहिल्या वर्षी हेच शिकतो आणि पुष्कळदा तेवढ्यावरच थांबतो. सुरुवात म्हणून ही समजूत वाईट नाही. पण तिच्यावर विसंबून जो कायदा वाचतो त्याची फसगत होते आणि जो कायदा लिहितो तो दुसऱ्यांची फसगत करतो, असे माझे मत आहे. हा शब्द बंधन असल्याचे सुचवतो, त्या बंधनाला लागणारे बळ मात्र त्याच्यापाशी नसते. बांधला कोण गेला, ते कर्तव्य त्याच्याकडून मागण्याचा हक्क कोणाचा, आणि त्याने ते टाळले तर काय होणार, या तीन प्रश्नांची उत्तरे वाक्यात किंवा त्याच्या आसपास असतील तरच ते बळ येते. ती नसतील तर ‘शॅल’ कितीही ठसठशीत छापा, त्याचे काय करायचे ते शेवटी न्यायाधीशच ठरवतो.

हा विचार शब्दावर बाहेरून लादलेला नाही, त्याच्या मुळातच तो आहे. जुन्या इंग्रजीतल्या ज्या धातूपासून ‘शॅल’ आला त्याचा अर्थ ‘देणे लागणे’ असा होता. जर्मन भाषेत त्याच कुळातला ‘शुल्ड’ हा शब्द आजही कर्ज आणि अपराध या दोन्ही अर्थांनी चालतो. कर्तव्याला ऋण मानण्याची कल्पना मराठी वाचकाला परकी नाही. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण हे शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत, आणि कोणते ऋण कोणाचे व ते कसे फेडायचे हे तिथे प्रत्येक वेळी सांगितलेले आहे. ऋण म्हटले की घेणेकरी आला, देणेकरी आला, न फेडल्याचा परिणामही आला. ‘शॅल’च्या पुढच्या हजार वर्षांच्या प्रवासात यातली एकेक गोष्ट गळत गेली.

जुन्या इंग्रजीत भविष्यकाळाचे वेगळे रूप नव्हते. पुढे घडणारी गोष्ट सांगायला वर्तमानकाळच वापरत. हळूहळू त्या कामासाठी दोन क्रियापदे पुढे आली : देणे लागण्याच्या अर्थाचे ‘शॅल’ आणि इच्छेच्या अर्थाचे ‘विल’. चौदाव्या शतकात विक्लिफच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बायबलच्या भाषांतरात लॅटिनमधल्या साध्या भविष्यकाळासाठी सर्रास ‘शॅल’ वापरले गेले, आणि कर्तव्याचा शब्द भाकिताच्या कामाला जुंपला गेला. 1653 मध्ये जॉन वॉलिस या ऑक्सफर्डच्या गणितज्ञाने लॅटिनमध्ये इंग्रजीचे व्याकरण लिहिले आणि या गोंधळाला एक नियम दिला : प्रथम पुरुषात ‘शॅल’ने नुसते भविष्य सांगावे, द्वितीय आणि तृतीय पुरुषात मात्र त्याने वचन किंवा धमकी द्यावी, ‘विल’चे उलटे. बुडणाऱ्या परदेशी माणसाचा किस्सा या नियमाच्या समर्थनार्थ पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. त्या बिचाऱ्याने दोन शब्दांची अदलाबदल केली. त्यामुळे ‘मी बुडणार, मला कोणी वाचवणार नाही’ याऐवजी ‘मी बुडायचे ठरवले आहे, खबरदार मला कोणी वाचवाल तर’ असे त्याच्या तोंडून निघाले. 1906 मध्ये फाउलर बंधूंनी आपल्या भाषाविषयक ग्रंथात या दोन क्रियापदांवर पानेच्या पाने खर्च केली. दक्षिण इंग्लंडमधल्या माणसाला हा भेद जन्मजात साधतो, इतरांना तो शिकून येणे कठीण, असा त्यांचा निष्कर्ष होता. जो नियम स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिकेतल्या जन्मजात इंग्रजीभाषकांनी कधी पाळलाच नाही, तो रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणातून भारतातल्या शाळांत मात्र निष्ठेने घोकला गेला. व्याकरणाचा हा वाद आता संपला आहे आणि त्यात फार रेंगाळण्याचे कारण नाही. इतके लक्षात ठेवावे की कायदा जवळजवळ नेहमी तृतीय पुरुषात बोलतो, म्हणजे वॉलिसच्या वाटणीतला वचनाचा आणि धमकीचा भाग त्याच्या वाट्याला आला.

जॉर्ज कूड या इंग्रज कायदेपंडिताने 1840 च्या दशकात कायद्याच्या वाक्यरचनेवर एक निबंध लिहिला. कायद्यातला ‘शॅल’ भविष्यकाळ दाखवत नाही, तो आज्ञा दाखवतो, हे त्याने त्यात स्पष्ट केले. आणि ज्याला ही आज्ञा आहे ती व्यक्तीच वाक्याचा कर्ता असली पाहिजे असा आग्रह धरला. हा आग्रह पाळला गेला असता तर पुढचे निम्मे खटले उभेच राहिले नसते. मसुदाकारांना मात्र एव्हाना या शब्दाच्या भारदस्त आवाजाची सवय झाली होती. व्याख्येत तो आला, कायदा अमलात येण्याच्या तारखेला तो लागला, संस्था स्थापन करताना तो वापरला गेला, हक्क देताना आणि नाकारतानाही. भारताच्या संविधानाच्या पहिल्या कलमात भारत हा राज्यांचा संघ असेल असे म्हटले आहे ते याच क्रियापदाने. तिथे कोणालाही कोणतीही आज्ञा नाही, एक वस्तुस्थिती घोषित झाली आहे. त्याच संविधानात राज्यसंस्था कोणालाही कायद्यापुढील समानता नाकारणार नाही असे चौदावे कलम सांगते, आणि तिथे तोच शब्द खराखुरा बांधतो, कारण बांधलेला कोण हे स्पष्ट आहे आणि बत्तिसाव्या कलमाने थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडे ठेवले आहे.

हा फरक किती दूरवर जातो हे राष्ट्रपतिपदाच्या उदाहरणात दिसते. चौऱ्याहत्तराव्या कलमाच्या मूळ शब्दांत, राष्ट्रपतीला साहाय्य करण्यासाठी आणि सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ ‘असेल’, एवढेच होते. म्हणजे ‘शॅल’ होता, पण तो मंडळाच्या अस्तित्वाला लागला होता. सल्ला ऐकण्याचे ओझे त्याने राष्ट्रपतीवर टाकले नव्हते. संविधान सभेतच अध्यक्ष राजेंद्र प्रसाद यांनी ही उणीव दाखवली होती, आणि संसदीय लोकशाहीच्या संकेतांवर विसंबता येईल अशी डॉ. आंबेडकरांची भूमिका होती. राष्ट्रपती झाल्यावर, 1960 मध्ये, राजेंद्र प्रसादांनी दिल्लीत कायदेपंडितांसमोर हाच प्रश्न जाहीरपणे मांडला. 1974 मध्ये शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेला आहे असा निर्वाळा दिला. दोन वर्षांनी, आणीबाणीच्या काळात, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने एक नवा ‘शॅल’ वाक्यात घातला; या वेळी त्याचा कर्ता राष्ट्रपती होता. 1978 च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा ‘मे’ने दिली, आणि फेरविचारानंतरचा सल्ला मात्र पुन्हा ‘शॅल’ने बंधनकारक केला. एकाच कलमात हा शब्द आधीपासून होता आणि तरीही तो पुन्हा घालावा लागला, कारण पहिल्या वेळी त्याने कोणालाच बांधले नव्हते. शब्द आहे म्हणजे सक्ती आहे असे मानणाऱ्याने या कलमाचा इतिहास अवश्य वाचावा.

याच्या उलट सतरावे कलम पाहा. अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि तिचे कोणत्याही रूपातले आचरण निषिद्ध आहे, हे तिथे सरळ वर्तमानकाळात सांगितले आहे. ‘शॅल’ नाही, तरी संविधानातले हे सर्वात निःसंदिग्ध विधान ठरावे. हजारो वर्षांच्या अन्यायाबद्दल बोलताना भविष्यकाळाची छटासुद्धा नको होती, आणि ती तिथे नाही. पुढच्याच वाक्यात, अस्पृश्यतेतून येणारी निर्योग्यता लादणे हा कायद्यानुसार शिक्षापात्र अपराध ‘असेल’ असे येते, आणि तिथून गुंतागुंत सुरू होते. शिक्षा कोणती हे ठरवायला कायदा हवा. पस्तिसाव्या कलमाने तो करण्याचे कर्तव्य संसदेवर ‘शॅल’ वापरून टाकले आणि ‘शक्य तितक्या लवकर’ अशी मुदत दिली. संसदेचा कायदा आला 1955 मध्ये. संविधान अमलात येऊन पाच वर्षे झाली होती, आणि त्या पाच वर्षांचा जाब संसदेला कोणीच विचारू शकत नव्हते, कारण मुदतीला तारीख नव्हती आणि मोडण्याला परिणाम नव्हता. ऋण होते, देणेकरीही ठरला होता; वसुलीची वाट मात्र ठेवलेली नव्हती.

शिक्षणाच्या कलमात ही गळती डोळ्यांदेखत झाली. मसुद्यातल्या छत्तिसाव्या अनुच्छेदाची सुरुवात प्रत्येक नागरिकाला मोफत प्राथमिक शिक्षण मिळण्याचा हक्क आहे, अशी होती. नोव्हेंबर 1948 मध्ये लक्ष्मीकांत मैत्र यांनी दुरुस्ती सुचवली : हा भाग निदेशक तत्त्वांचा आहे, त्यात हक्काची भाषा बसत नाही. आंबेडकरांनी ती स्वीकारली. उरले ते पंचेचाळिसावे कलम : दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्यसंस्था प्रयत्न करील. तर्काच्या दृष्टीने मैत्र यांचे म्हणणे बिनचूक होते, कारण सदतिसावे कलम ही तत्त्वे न्यायालयातून अमलात आणता येणार नाहीत असे सांगतेच. त्या कलमात ‘शॅल’ दोनदा येतो : एकदा न्यायालयाचे दार बंद करताना आणि एकदा ही तत्त्वे लागू करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरवताना. एकाच वाक्यात एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने मागण्याचा हक्क काढून घेतला. दहा वर्षांची मुदत 1960 मध्ये उलटून गेली. त्यानंतर चार दशके गेली, आणि 2002 च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने कलम एकवीस-अ आले. ‘प्रयत्न करील’च्या जागी ‘शिक्षण देईल’ असे शब्द आले, तेही मूलभूत हक्कांच्या भागात. त्याला अनुसरून केलेला कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. दोन्ही वाक्यांत क्रियापद तेच आहे. बदल झाला तो त्याच्या पुढच्या एका धातूत आणि वाक्याच्या जागेत, आणि त्या जागेमुळे घेणेकरी पुन्हा दिसू लागला.

महाराष्ट्राने हा प्रश्न संविधानाच्या कितीतरी आधी अनुभवला होता. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगासमोर बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये केंद्रीय विधिमंडळात आणलेले विधेयक मुभेच्या भाषेत होते : नगरपालिका आणि जिल्हा मंडळे यांना वाटल्यास, सरकारची पूर्वसंमती घेऊन, आपल्या हद्दीत सक्ती लागू करता येईल. इतके सौम्य विधेयकही 1912 मध्ये 38 विरुद्ध 13 मतांनी पडले. त्यानंतर पाचच वर्षांनी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंड ठेवला. शाहू महाराजांच्या पाठीशी संस्थानिकाचा अधिकार होता आणि गोखल्यांच्या समोर परकीय नोकरशाही होती, हे विसरून चालणार नाही. तरी कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर सक्ती कोणत्या क्रियापदाने सांगितली यापेक्षा तो एक रुपया अधिक महत्त्वाचा आहे. सक्ती कोणावर आणि ती मोडल्यास काय, हे त्यात ठरून गेले.

आता न्यायालयांकडे वळू, कारण या विषयावरचा सर्वात जोरदार आक्षेप न्यायालयांविरुद्ध आहे. आक्षेप असा : संसदेने सक्तीचा शब्द वापरला असताना न्यायाधीशांनी तो ‘केवळ निदेशात्मक’ ठरवणे म्हणजे साध्या शब्दांशी खेळ आहे, आणि अशा खेळाने नागरिकाला कायद्यावर भरवसाच ठेवता येत नाही. उदाहरणे भरपूर सापडतात. सरकारी नोकराविरुद्धच्या शिस्तभंगाच्या बाबतीत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेतला जाईल, असे तीनशे विसाव्या कलमात ‘शॅल’ वापरून म्हटले आहे. तरीही 1957 मध्ये मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सल्ला घेतला नाही म्हणून कारवाई रद्द होत नाही असे ठरवले. हा निकाल वरवर पाहणाऱ्याला धक्का देतो. त्याची कारणे वाचली की चित्र बदलते. आयोगाचा सल्ला घेतला तरी सरकार त्याने बांधले जात नाही. काही बाबी आयोगाच्या कक्षेबाहेर ठेवण्याची मुभा त्याच कलमात आहे. आणि सल्ला न घेतल्यास काय होईल हे संविधान सांगत नाही. म्हणजे न्यायालयाने शब्दाभोवतीच्या रिकाम्या जागा तपासल्या. 1960 च्या बाबूराम उपाध्याय खटल्यात हाच विचार नियमाच्या रूपात मांडला गेला : ‘शॅल’ प्रथमदर्शनी सक्ती दाखवतो, पण कायद्याचा हेतू, त्याची रचना आणि दोन्ही अर्थांचे परिणाम पाहून न्यायालयाने अंतिम अर्थ ठरवायचा.

हा विचार योग्य होता याचा जवळपास प्रयोगासारखा पुरावा दिवाणी प्रक्रिया संहितेने दिला आहे. 2002 च्या दुरुस्तीनंतर प्रतिवादीने तीस दिवसांत लेखी कैफियत दाखल करावी आणि वाढवून दिलेली मुदत नव्वद दिवसांपलीकडे जाऊ नये, असा नियम झाला. दोन्ही ठिकाणी ‘शॅल’ होता. तरीही 2005 मध्ये कैलाश विरुद्ध नन्हकू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत अपवादात्मक परिस्थितीत ओलांडता येईल असे ठरवले, आणि मुदत चुकल्यास काय होईल हे नियमात सांगितलेले नाही, हे त्याच्या कारणांपैकी एक होते. पुढे 2015 मध्ये व्यापारी दाव्यांसाठी याच नियमात भर पडली : एकशे वीस दिवस उलटले की प्रतिवादी कैफियत दाखल करण्याचा हक्क गमावेल आणि न्यायालय ती दाखल करून घेणार नाही. 2019 मध्ये हा बदललेला नियम सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा ती मुदत सक्तीची ठरली. क्रियापद तेच, संहिता तीच. नवीन होता तो फक्त परिणाम. साध्या दाव्यातल्या प्रतिवादीला जी सवलत मिळते ती व्यापारी दाव्यातल्या प्रतिवादीला मिळत नाही, याचे उत्तर शब्दकोशात सापडणार नाही.

न्यायालये शब्दांशी खेळतात या तक्रारीत आणखी एक गृहीतक दडलेले असते, की आज्ञार्थी रूपाचा एकच अर्थ असतो आणि पूर्वीचे लोक तो सरळ पाळत. आपल्या मीमांसकांनी हे कधीच मान्य केले नसते. वेदातल्या विध्यर्थी क्रियापदाने नेमके काय बांधले जाते यावर त्यांनी शतकानुशतके वाद घातला. विधी कोणता, त्या विधीची स्तुती करणारा अर्थवाद कोणता, हे ते वेगळे करत. व्याकरणाने आज्ञेसारखे दिसणारे प्रत्येक वाक्य त्यांच्या लेखी आज्ञा नव्हते. नित्य कर्म आणि काम्य कर्म यांतला त्यांचा भेद तर आजच्या प्रश्नाच्या अगदी जवळ येतो. नित्य कर्मात एखादे गौण अंग राहून गेले तरी यथाशक्ती केलेले कर्म पुरे मानावे; काम्य कर्मात फळ हवे असेल तर सर्व अंगे पार पाडलीच पाहिजेत. मुख्य कर्तव्य आणि त्याच्या पद्धतीतला तपशील यांचे बळ वेगळे असू शकते, ही जाण त्यात आहे. हे नियम धर्मशास्त्राच्या अर्थनिर्णयात कसे वापरले गेले ते पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात विस्ताराने दाखवले आहे. वेस्टमिन्स्टरच्या परंपरेतल्या न्यायाधीशांनी ‘सक्तीचे’ आणि ‘निदेशात्मक’ असा भेद स्वतंत्रपणे शोधला. तो शोधावा लागला याचे कारण मानवी भाषेत आहे, न्यायाधीशांच्या लहरीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. शब्दच संदिग्ध असेल तर तो काढून टाका आणि ‘मस्ट’ वापरा, असे सरळ भाषेचे पुरस्कर्ते म्हणतात, आणि जगात त्यांचे म्हणणे बरेच ऐकले गेले आहे. ऑस्ट्रेलियाच्या मसुदाकारांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धातच ही वाट धरली. दक्षिण आफ्रिकेचे 1993 चे अंतरिम संविधान जुन्या शब्दात लिहिले होते, 1996 च्या अंतिम संविधानात ‘मस्ट’ आला. सामान्य माणसाला ते वाचता यावे हा त्यामागचा हेतू मला मोलाचा वाटतो. पण अमेरिकेच्या संघीय दिवाणी नियमांनी काय अनुभवले तेही पाहिले पाहिजे. 2007 मध्ये त्या नियमांची भाषा नव्याने लिहिताना ‘शॅल’ सर्वत्र काढला गेला. छप्पन्नाव्या नियमात, वादाचा मुद्दाच उरला नसेल तेव्हा पूर्ण सुनावणीशिवाय निकाल देण्याच्या तरतुदीत, त्या जागी ‘शुड’ आला. तीनच वर्षांनी, 2010 मध्ये, तिथे ‘शॅल’ परत आणावा लागला. जुन्या शब्दाभोवती कित्येक दशकांच्या निकालांनी जो अर्थ बांधला होता तो ‘शुड’ने सैल होत होता आणि ‘मस्ट’ने जास्तच आवळला जात होता.

शिवाय ‘मस्ट’ने सर्व प्रश्न सुटतात असेही नाही. कोलोरॅडोमधल्या कॅसल रॉक या गावी 1999 मध्ये एका आईने न्यायालयाचा संरक्षक आदेश हाती असताना पोलिसांकडे पुन्हा पुन्हा मदत मागितली. आदेशाचा भंग झाल्यास पोलिस अटक करतील, असे राज्याच्या कायद्यात ‘शॅल’ वापरून लिहिलेले होते. पोलिसांनी काही केले नाही आणि त्या रात्री तिच्या तिन्ही मुली त्यांच्या बापाच्या हातून मारल्या गेल्या. 2005 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले की पोलिसांना नेहमीच असणारा विवेकाधिकार या शब्दाने संपत नाही, आणि आदेशाची अंमलबजावणी मागण्याचा घटनात्मक हक्क त्या आईला मिळत नाही. हा निकाल मला अन्यायकारक वाटतो. पण तिथे ‘मस्ट’ असता तर निकाल बदलला असता असे त्यातल्या युक्तिवादावरून दिसत नाही. न्यायालयाला जे सापडले नाही ते होते स्पष्ट शब्दांत दिलेला तिचा हक्क.

मसुदाकाराने मनावर घेतले तर जुना शब्दही किती नेमका करता येतो याचा उत्तम नमुना भारतातच आहे. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तयार केलेल्या 1872 च्या पुरावा कायद्याने चौथ्या कलमात दोन वाक्प्रयोगांची व्याख्या करून ठेवली. न्यायालय एखादी गोष्ट ‘मे प्रिझ्यूम’ करते तेव्हा ती गृहीत धरायची की पुरावा मागायचा हे त्याच्या मर्जीवर आहे. ‘शॅल प्रिझ्यूम’ म्हटले की समोरच्याने खोटी ठरवीपर्यंत ती सिद्ध मानणे त्याला भाग आहे. कोण बांधला गेला, किती आणि कधीपर्यंत, हे एका वाक्यात ठरले. एका शतकानंतर याच भेदाने महाराष्ट्रातल्या एका प्रकरणाला उत्तर दिले. 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये दोन पोलिसांची निर्दोष मुक्तता केली. मुलीची संमती नव्हती हे सिद्ध झाले नाही असे कारण दिले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राने देश ढवळून निघाला, आणि 1983 मध्ये कलम 114-अ आले : कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने साक्षीत सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरले पाहिजे. त्याच वर्षी विवाहानंतर सात वर्षांच्या आतल्या आत्महत्येसाठी जे कलम आले त्यात मात्र गृहीतकाची मुभाच होती. हुंडाबळीसाठी 1986 मध्ये आलेल्या कलमात सक्ती होती. आरोपीवर भार किती येतो हे या भेदावर ठरते, आणि 2023 च्या नव्या साक्ष अधिनियमातही तो तसाच राखला आहे.

मराठीत कायदा लिहिणाऱ्यांसाठी या साऱ्याला तातडीचे महत्त्व आहे. 1964 च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमापासून राज्याच्या कारभाराची भाषा मराठी झाली आणि भाषा संचालनालयाने परिभाषेचे मोठे काम उभे केले. विधिभाषेत ‘शॅल’साठी ‘करील’, ‘असेल’, ‘राहील’ ही रूपे ठरली, ‘मे’साठी ‘करता येईल’. ही निवड समजण्यासारखी आहे. ‘सभासद शपथ घेईल’ या वाक्याला अधिकार आहे आणि प्रवाहही आहे. पण ‘पाऊस पडेल’ यातलेही तेच रूप आहे, आणि ‘अधिकारी तीस दिवसांत अहवाल सादर करील’ हे वाचणाऱ्या शेतकऱ्याला ती हमी आहे की अंदाज हे कळायला मार्ग नाही. वॉलिसच्या काळात इंग्रजीचे जे झाले तेच इथे घडते. शासन निर्णयांतली ‘कार्यवाही करण्यात यावी’, ‘दक्षता घेण्यात यावी’ ही रचना आणखी पुढे जाते. तिने कर्त्यालाच वाक्यातून हद्दपार केले आहे. विध्यर्थाचे ‘वे’ हे रूप मराठीत कर्तव्य, इच्छा, योग्यता, शक्यता असे सगळे अर्थ वाहते. इतके सैल रूप आणि कर्ता गायब, अशा वाक्यातून कर्तव्य कोणाकडे मागायचे?

यावर कोणी म्हणेल की तीनशे अठ्ठेचाळिसाव्या कलमानुसार अधिकृत पाठ शेवटी इंग्रजीच धरला जातो, मग मराठीच्या काटेकोरपणाचा आग्रह कशाला? न्यायालयात अर्थ लागण्याच्या कितीतरी आधी कायदा ग्रामपंचायतीत, तहसील कार्यालयात, शाळेच्या मुख्याध्यापकाच्या टेबलावर पाळला जातो किंवा मोडला जातो, आणि तिथे वाचला जातो तो मराठी पाठ. शब्दांचा तुटवडाही नाही. ‘सादर करणे बंधनकारक राहील’, ‘सादर केलाच पाहिजे’, ‘न केल्यास अर्ज मंजूर झाला असे मानले जाईल’ या रचना मराठीला नव्या नाहीत आणि बोजडही नाहीत. ‘करील’ हे रूप टाकावे असेही मी म्हणत नाही. अमेरिकन नियमांची गोष्ट इथेही लागू आहे. साठ वर्षांच्या वापराने त्या रूपाला अर्थ आलेला आहे. ते नुसत्या घोषणेसाठी आणि व्याख्येसाठी न वापरता ज्याला कर्ता आहे अशा कर्तव्यासाठी राखून ठेवावे, व्याख्येत साधा वर्तमानकाळ आणावा, आणि मुदतीच्या प्रत्येक वाक्यानंतर ती चुकल्याचा परिणाम लिहावा, इतकेच सुचवायचे आहे. सतराव्या कलमाच्या पहिल्या वाक्याने वर्तमानकाळाची ताकद दाखवली आहे, आणि कोल्हापूरच्या कायद्याने परिणाम लिहिण्याची. हा विषय अभ्यासायला घेणाऱ्याने एखाद्या शासन निर्णयाचे एक पान समोर ठेवावे, त्यातल्या प्रत्येक ‘यावे’च्या आणि ‘करील’च्या शेजारी कर्ता, हक्कदार आणि परिणाम शोधावा, आणि जिथे जागा रिकामी दिसेल तिथे तो मसुदा लिहिणाऱ्या विभागाला पत्राने विचारावे.